पोटात दुर्बीण

आपल्या घरांतून बाईच्या पोटाला दोनच दुखणी ठाऊक असतात. एक ‘पित्त’ आणि दुसरं ‘पाळीचं’. छातीत जळजळलं की पित्त, तोंडाला पाणी सुटलं की पित्त, डोकं दुखलं तरी पित्तच. आणि धाप लागली, पायांत गोळे आले, चेहरा पांढरा पडला की ‘तिचं पाळीत फार जातं हो.’ दोन खणांच्या या कपाटात सगळं बसवून टाकलं की घर पुन्हा आपल्या कामाला लागतं. पुरुषाचं पोट दुखलं तर मात्र त्याच दिवशी रिक्षा बोलावली जाते. असो. भांडण काढायला मी बसलेली नाही. दुर्बिणीविषयी लिहायचं आहे. पण ही दुर्बीण आपल्यापर्यंत उशिरा का पोचते, याचं कारण त्या दोन खणांत आहे, म्हणून आधी हे सांगितलं.

माझ्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो, वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या घेत होत्या. हिमोग्लोबिन कधी आठ, कधी साडेआठ. गोळ्या घेतल्या की थोडं चढायचं, सोडल्या की उतरायचं. कारण ठरलेलंच होतं: पाळी. पन्नाशीला पाळी गेली. त्यानंतरही आठ वर्षं गोळ्या चालूच राहिल्या, आणि कुणाला त्यात काही खटकलं नाही. मागच्या वर्षी आमच्या नेहमीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई बसू लागल्या. त्यांनी माईंचे जुने रिपोर्ट एकाखाली एक मांडले आणि विचारलं, “माई, ज्या नळातून पाणी जात होतं तो नळ आठ वर्षांपूर्वी बंद झाला ना? मग टाकी अजून रिकामी कशी?”

कुठल्याही बाईला समजेल असा हा प्रश्न. पण तो तोवर कुणीच विचारला नव्हता.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की पाळी गेलेल्या बाईच्या अंगातलं लोह कमी असेल आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर रक्त पोटात कुठंतरी झिरपतंय असं आधी गृहीत धरायचं. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली हेच लेखी सांगितलं आहे: अशा बाईची, आणि पुरुषाचीही, वरून आणि खालून अशी दोन्हीकडून दुर्बिणीची तपासणी करावी. पोटात काही दुखत नसलं तरीही. हे झिरपणं इतकं थोडं थोडं असतं की डोळ्यांना दिसत नाही. शौचाला काळं होतं म्हणावं, तर लोहाच्या गोळ्यांनीही काळंच होतं. म्हणजे ज्या गोळ्यांनी आपण रक्त भरून काढतो, त्याच गोळ्या गळतीवर पांघरूण घालतात! २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यातल्या बहुतेकींचं कारण आहार, बाळंतपणं आणि पाळी हेच असणार, यात शंका नाही. पण ‘बहुतेकी’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हेत.

माईंनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन जाहीर केलं, “घशात नळी? मी मेले तरी जायची नाही.” शेजारच्या काकूंनी लगेच कुणाच्या तरी मावससासूची गोष्ट सांगितली. अशा वेळी अशा गोष्टी कुठून जमा होतात कोण जाणे!

मला मात्र माईंच्या भीतीचं हसू आलं नाही. दुर्बिणीची जन्मकथा वाचली तर भीती वाटावी अशीच आहे. १८६८ साली जर्मनीत फ्रायबुर्ग गावी कुसमाउल नावाच्या डॉक्टरांनी जिवंत माणसाचं जठर आतून बघायचं ठरवलं. सत्तेचाळीस सेंटिमीटर लांबीची, सरळ, ताठ धातूची नळी! ती कोण गिळणार? शेवटी त्यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणारा एक माणूस गाठला. नळी आत गेली. पण आत काळोख, आणि बाहेरच्या दिव्याचा उजेड तिथवर पोचेना. पुढे १९३२ साली शिंडलर या जर्मन डॉक्टरांनी थोडी वाकणारी नळी आणली. तरीसुद्धा रोग्याची मान आणि डोकं एका रेषेत धरून ठेवावं लागे, नाहीतर अन्ननलिकेला इजा व्हायची. ते डोकं कोण धरायचं? त्यांच्या पत्नी गाब्रिएले. घाबरलेल्या रोग्याला धीर देणं आणि त्याचं डोकं सांभाळणं हे काम त्यांनी इतकं निगुतीने केलं की आज दुर्बिणीच्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिका त्यांना आपली मूळ पुरुष, नव्हे, मूळ स्त्री मानतात. डॉक्टरांचं नाव पाठ्यपुस्तकांतून येतं. गाब्रिएलेबाईंचं मला बऱ्याच शोधाशोधीनंतर सापडलं.

नळी खरी मऊ झाली ती काचेमुळे. काच केसासारखी बारीक ओढली तर ती वाकते आणि उजेड तिच्यातून वळणं घेत जातो. असे हजारो काचतंतू एकत्र बांधले तर चित्रसुद्धा पलीकडे पोचवता येतं, हे १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी या दोघांनी दाखवलं. हे कपानी आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. ते २०२० साली वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. त्या काचतंतूंची दुर्बीण बनवली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या हर्शोविट्झ यांनी, १९५७ साली. ती त्यांनी आधी स्वतःच्या घशातून उतरवली. मगच काही दिवसांनी एका रोग्याच्या. आणि ती रोगी होती दातांचं डॉक्टरी शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थ्याची बायको. स्वतः गिळून मग दुसऱ्याला द्यायची, ही रीत मला आवडली. आपणही औषधाचा काढा पोराला देण्याआधी चाखून बघतोच.

आता तर काचतंतूही मागे पडले. १९८३ पासून नळीच्या टोकाशी इवलासा कॅमेरा आला आणि चित्र समोरच्या पडद्यावर दिसू लागलं. नळीची जाडी करंगळीएवढी. हे सगळं मी माईंना भाजी निवडता निवडता सांगितलं. तलवारीपाशी त्या “अगं बाई!” म्हणाल्या आणि कपानींपाशी जरा निवळल्या. आठवड्याने आम्ही कोल्हापूरला गेलो.

वरची तपासणी म्हणजे खरंच काही नव्हे. रात्रीचं जेवण हलकं, सकाळपासून काही खायचं नाही. घशात एक कडू फवारा मारतात, त्याने घसा बधिर होतो. कवळी असेल तर काढून ठेवायची. डाव्या कुशीवर झोपवतात आणि दातांमध्ये प्लॅस्टिकचा एक कडा देतात, त्यातून नळी जाते. श्वासाची वाट वेगळी असते, त्यामुळे श्वास कोंडत नाही. उमाळे मात्र येतात. ज्यांना ते नको असतं त्यांना शिरेतून गुंगीचं औषध देतात. पाच-दहा मिनिटांत सगळं आटोपतं. आत पोचल्यावर लागलं तर चिमट्याने कणभर तुकडा काढतात. तो काढताना दुखत नाही, कारण जठराच्या अस्तराला तसली जाणीवच नसते.

माईंच्या जठरात थोडी सूज निघाली आणि त्या कणावरून ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ नावाचे जंतूही सापडले. या जंतूंची कथा मोठी मजेची आहे. तिखट आणि काळजी यांनी जठरात व्रण होतो, असंच जग धरून चाललं होतं. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे १९८२ च्या सुमारास वॉरेन आणि मार्शल या दोघांनी हे जंतू शोधले, पण कुणी विश्वास ठेवीना. तेव्हा १९८४ साली मार्शलसाहेब जंतूंचं पाणी स्वतःच प्याले, आणि दुर्बीण घालून आपल्याच जठराची सूज लोकांना दाखवली. बायकोला आधी सांगितलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नकोच. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. आपल्याकडे हे जंतू अगदी घराघरांत आहेत. औषधं साधारण दोन आठवडे, आणि ती मधेच सोडायची नाहीत. ‘तिखट खातेस म्हणून होतं’ हे ऐकून ज्यांनी आयुष्यभर मिळमिळीत खाल्लं, त्या बायकांची मला दया येते.

इथे आमच्या घरात चर्चासत्र झालं. दादाभाऊजी म्हणाले, “सापडलं ना कारण? मग आता खालची कशाला?” खर्चाचाही प्रश्न होताच. पण डॉक्टरीणबाई हटल्या नाहीत. वरची किंचित सूज इतक्या वर्षांच्या गळतीचा हिशेब देत नाही, असं त्यांचं म्हणणं. गळती दोन ठिकाणीही असू शकते.

खालच्या तपासणीत त्रास तपासणीचा नसतो, आदल्या दिवशीचा असतो. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, कोशिंबिरी, पेरू, टोमॅटो, तीळ, खसखस सगळं बंद. आतड्याच्या भिंतीला बी चिकटलं तर त्याच्यामागे काय आहे ते दिसत नाही. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाचं औषध चालू असेल तर ते आधी सांगायचं. आपल्या मनाने बंद करायचं नाही. आदल्या दिवशी फक्त गाळीव पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबाचं सरबत, बिनदुधाचा चहा. कोकम सरबत नको, बिटाचं काही नको, त्यांचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. मग ते जुलाबाचं औषध. पूर्वी सगळं आदल्या रात्रीच पाजत. आता अर्धं संध्याकाळी आणि अर्धं पहाटे देतात, कारण त्याने आतडं जास्त स्वच्छ होतं हे अभ्यासांतून दिसून आलं आहे. औषध गार करून, लिंबू पिळून प्यालं तर उतरतं. शेवटी पाण्यासारखं पिवळसर, नितळ झालं म्हणजे तयारी झाली. रात्रभर संडास अडवून धरावा लागतो, तेव्हा घरातल्या मंडळींना आधीच सांगून ठेवावं!

आणि लाज. त्याविषयी कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. पाठीमागून उघडा अंगरखा घालायला देतात, वर चादर असते. बाई डॉक्टर आहेत का, निदान खोलीत परिचारिका असेल का, हे खुशाल विचारावं. आत विजेने काही कापावं लागलं तर अंगावर धातू नको, म्हणून दागिने काढायला सांगतात. माईंचा हात मंगळसूत्रापाशी थांबला. परिचारिका अनुभवी होती. तिने खिशातून काळा दोरा काढला आणि एक शब्द न बोलता माईंच्या गळ्यात बांधला. पुढचं सगळं सोपं झालं.

गुंगीत माईंना काही कळलं नाही. मला मात्र डॉक्टरांनी नंतर चित्रं दाखवली. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात, अगदी दूरच्या टोकाकडे, बोराएवढा मांसाचा कोंब, लालसर, वरून खरवडल्यासारखा. पॉलिप म्हणतात त्याला. मळ पुढे सरकताना त्याला घासत होता आणि थेंब थेंब रक्त झिरपत होतं. डॉक्टरांनी त्याच बैठकीत तो काढला. कोंबाखाली निळा रंग मिसळलेलं मिठाचं पाणी टोचायचं. तेवढं अस्तर पुरीसारखं टम्म फुगून खालच्या थरापासून सुटं होतं. मग तारेचा फास टाकायचा, आवळायचा आणि विजेने कापायचा. पोटावर टाका नाही, व्रण नाही. हा फास १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या दोन डॉक्टरांनी पहिल्यांदा असा वापरला. त्याआधी एवढ्याशा कोंबासाठी पोट फाडावं लागे. अशा काही कोंबांचाच पुढे वर्षानुवर्षांनी कर्करोग होतो; तो आधीच काढला की तो धागाच तुटतो. माईंच्या कोंबात कर्करोग नव्हता. चार दिवसांनी तो रिपोर्ट आला तेव्हा दादाभाऊजी बराच वेळ गॅलरीत उभे राहिले होते.

वरची नळी जठरापर्यंत आणि थोडी पुढे जाते, खालची मोठ्या आतड्यापर्यंत. मधलं लहान आतडं सहा मीटरच्या घरात, वेटोळं घालून बसलेलं, तिथे काय? त्यावर इस्रायलच्या इड्डान नावाच्या अभियंत्याने तोड काढली. क्षेपणास्त्रांचे डोळे बनवणारा हा माणूस! त्याने मोठ्या गोळीएवढ्या डबीत कॅमेरा, दिवा आणि बॅटरी बसवली. ही कुपी पाण्याबरोबर गिळायची. ती आठेक तास हजारो चित्रं पाठवत पुढे सरकते आणि शेवटी आपोआप बाहेर पडते. २००० साली तिची माहिती जगापुढे आली. ती बघते, पण कापत नाही की तुकडा काढत नाही. आणि आतडं कुठे अरुंद असेल तर अडकते. म्हणून ‘नळी नको, कुपीच द्या’ असा हट्ट धरून चालत नाही.

जपानी डॉक्टरांनी तर दुर्बिणीला शिवणकामाच्या कात्रीसारखं चालवलं आहे. काही माणसांच्या अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडतच नाही. घास छातीत अडकतो, पाणीसुद्धा उतरत नाही. योकोहामाच्या इनोए यांनी २००८ साली अन्ननलिकेच्या अस्तराखालून बोगदा करत जाऊन तिथला आवळलेला स्नायू आतूनच कापला. आता आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांतूनही हे होतं.

आणि आता कृत्रिम बुद्धी. तपासणी चालू असताना संगणकही पडदा पाहतो आणि कोंबासारखं काही दिसलं की त्याभोवती चौकोन काढून डॉक्टरांचं लक्ष वेधतो. अमेरिकेत २०२१ साली अशा यंत्राला परवानगी मिळाली. बारीक कोंब त्याने जास्त सापडतात, यात वाद नाही. पण २०२५ साली पोलंडमधून एक अभ्यास आला, तो मला विचारात टाकून गेला. यंत्र वापरायची सवय लागलेल्या अनुभवी डॉक्टरांनी यंत्राशिवाय केलेल्या तपासण्या पाहिल्या. यंत्र येण्यापूर्वी १०० पैकी २८ जणांत त्यांना असे कोंब सापडत. यंत्र आल्यावर, ते बंद असताना, २२ जणांतच. एकाच अभ्यासावरून निकाल देऊ नये हे खरं. पण मिक्सर आल्यावर पाट्यावरचा हात कसा जातो, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

म्हणून सगळ्यांनी उठून दुर्बीण घालून घ्यावी का? मुळीच नाही. लग्नातलं जेवण बाधलं म्हणून दुर्बीण लागत नाही, तरुणपणी अधूनमधून जळजळलं म्हणूनही नाही. नळीने आतड्याला इजा होणं, कापल्या जागी रक्त येणं हे क्वचित होतं, पण होतं. मात्र घास अडकत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडत असेल, शौच डांबरासारखं काळं आणि चिकट होत असेल, शौचावाटे रक्त जात असेल आणि ते मूळव्याधीचंच आहे असं परस्पर ठरवलं असेल, शौचाची सवय अचानक बदलली असेल, आई-वडील-भावंडांत कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर आणखी एक पित्ताची गोळी घेऊन थांबायचं नाही. पाळी चालू असलेल्या बाईचंही, उपचार करून रक्त पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर डॉक्टरांना पोटाविषयी विचारावं. अमेरिकेत २०२१ पासून काही त्रास नसतानाही पंचेचाळिशीनंतर आतड्याची तपासणी सुचवतात. आपल्याकडे तशी सरसकट पद्धत नाही आणि हा रोगही तिकडच्या मानाने कमी आहे. पण तिकडेही माणसं माणसंच: नॉर्वे, पोलंड आणि स्वीडनमध्ये हजारो लोकांना घरी पत्र पाठवून आतड्याच्या तपासणीला बोलावलं, तर त्या अभ्यासाच्या २०२२ सालच्या निष्कर्षांप्रमाणे आले शंभरातले ४२. बाकीच्यांच्या शेजारीही आमच्यासारख्या काकू राहत असतील.

एक गोष्ट घरात लहान मूल असलेल्यांसाठी. खेळण्यातली किंवा घड्याळातली बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आत भाजून भोक पडू शकतं. ‘उद्या शौचातून पडेल’ म्हणून केळी चारत बसू नये. नुसता संशय आला तरी त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्यावं. हीच दुर्बीण ती काढते.

तपासणी ठरवताना खर्च किती, तुकडा तपासायचे वेगळे पडतात का, कोंब निघाला तर त्याच वेळी काढणार का, भूल देणारे डॉक्टर असतील का, आणि नळी प्रत्येक रोग्यानंतर कशी निर्जंतुक करता, हे सगळं विचारून घ्यावं. आत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू भरत असतील तर चांगलं. तो चटकन शोषला जातो आणि नंतर पोट फुगून दुखत नाही.

गुंगी दिली असेल तर त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, कागदावर सही करायची नाही आणि गॅसपाशी उभं राहायचं नाही. शेवटची सूचना छापील कागदावर नव्हती, ती डॉक्टरीणबाईंनी माईंना पाहून तोंडी दिली. तरी घरी आल्यावर तासाभरात माई पदर खोचून कणीक मळायला बसल्याच. दादाभाऊजींनी परात उचलून नेली. त्या रात्रीच्या पोळ्या खानावळीतून आल्या. माईंची पुढची तपासणी तीन वर्षांनी आहे. हिमोग्लोबिन परवा अकरा निघालं.